उत्तर गोवा मतदारसंघ : आमच्या मताचा जमाखर्च

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात पेडणे येथे झालेले भाषण)



मंडळाने आम्हांला बोलावले आणि विषय दिला, ‘आपला मतदारसंघ आणि आपले मत’. आम्ही राजकारणी नव्हे. बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो, आणि गेली वीस-बावीस वर्षे खिडकीच्या आत बसून लोकांच्या पैशांच्या नोंदी करतो आहोत. म्हणून भाषण देण्याऐवजी आज जमाखर्च मांडावा असे ठरवले. आकडे बरोबर असले तर निष्कर्ष आपोआप दिसतो, असा आमच्या टेबलावरचा अनुभव आहे.

आपल्या बैठकांत एक वाक्य नेहमी ऐकू येते. ‘पेडणे-डिचोलीचे मत पक्के. एकदा दिले की दिले.’ आम्हीही हे वाक्य अनेकदा अभिमानाने बोललो आहोत. या भाषणाच्या तयारीसाठी १९६३पासूनच्या लोकसभा निवडणुकांचे निकाल एका कागदावर उतरवले, तेव्हा हे वाक्य खोटे ठरले. कसे, ते सांगतो.

आज ज्याला उत्तर गोवा म्हणतो, त्या लोकसभा मतदारसंघाचे नाव २००८च्या पुनर्रचनेपर्यंत ‘पणजी’ होते. राजधानीचे शहर त्यात, म्हापसा त्यात, आणि आपले पेडणे, डिचोली, सत्तरीही त्यात. मुक्तीनंतरची पहिली सार्वत्रिक निवडणूक ९ डिसेंबर १९६३ रोजी झाली. पोर्तुगीज अमदानीत मताचा हक्क मूठभरांचा होता. त्या दिवशी भाटकार आणि त्याचे कूळ एकाच रांगेत उभे राहिले. त्या निवडणुकीत पणजीतून पीटर आल्वारिस निवडून आले. ते प्रजा समाजवादी पक्षाचे, त्यांना पाठिंबा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा. आज कुणी म्हणेल की आपले मत जात-धर्म पाहूनच पडते. मगोची लाट होती त्याच वर्षी आपल्या वाडवडिलांनी बार्देशातल्या एका ख्रिस्ती स्वातंत्र्यसैनिकाला दिल्लीला पाठवले, ही नोंद आधी ध्यानात ठेवा.

आता पुढची नावे ऐका. १९६७ साली जनार्दन शिंक्रे. १९७१ साली काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर. १९७७ साली मगोचे अमृत कांसार. १९८० साली मगोच्याच संयोगिता राणे. १९८४ साली काँग्रेसचे शांताराम नाईक. १९८९ साली मगोचे गोपाळराव मयेकर. १९९१ साली काँग्रेसचे हरीश झांट्ये. १९९६ साली मगोचे रमाकांत खलप, आपल्या मांद्र्याचे, जे पुढे केंद्रात कायदा खात्याचे राज्यमंत्री झाले. १९९८ साली काँग्रेसचे रवी नाईक.

पीटर आल्वारिस धरून मोजा. निवडणुका दहा, खासदार दहा. पस्तीस वर्षांत एकही माणूस या मतदारसंघाने दुसऱ्यांदा पाठवला नाही.

आणि पुढचे पान. १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९ आणि २०२४. निवडणुका सहा, खासदार एक. श्रीपाद नाईक.

‘एकदा दिले की दिले’ हे आपले जुने वळण नव्हे, हे यावरून स्पष्ट होते. जुने वळण नेमके उलटे होते. आता कुणी असे समजू नये की आम्ही श्रीपादभाऊंच्या विरोधात बोलायला उभे आहोत. सहा वेळा निवडून येणे ही सोपी गोष्ट नव्हे, आणि प्रत्येक वेळी आकडा सारखा नव्हता. २००९ साली समोर आपल्या पेडण्याचे जितेंद्र देशप्रभू होते. त्या वेळी फरक फक्त ६,३५३ मतांचा पडला. २०१४ साली तो एक लाखाच्या वर गेला, २०१९ साली ऐंशी हजारांच्या घरात आला, आणि २०२४ साली खलपसाहेब समोर असताना पुन्हा लाखाच्या पुढे गेला. म्हणजे लोक विचार करतात, कमीजास्त करतात. आमचा प्रश्न उमेदवाराबद्दल नाही. मत देणाऱ्या आपल्याबद्दल आहे. पहिल्या पस्तीस वर्षांत आपण काय विचारत होतो, आणि नंतर काय विचारायचे सोडले?

यासाठी आधी १६ जानेवारी १९६७ची नोंद पाहू. जनमत कौल. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की संघप्रदेश राहावे, एवढाच प्रश्न. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळे राहण्याची खूण दोन पाने. मतदार ३,८८,४३२. मत दिले ३,१७,६३३ जणांनी, म्हणजे शेकडा ८१च्या वर. वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१. आमच्यासारखा माणूस लगेच भागाकार करतो. सतरा हजार अकरा माणसांनी बाजू बदलली असती तर इतिहास बदलला असता. पेडणे आणि डिचोली या दोन्ही महालांनी फुलाला बहुमत दिले होते. आपण हरलो. पण हरल्यावर कुणी दगड उचलला नाही. दोन महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच गोव्याने ३०पैकी १६ जागा देऊन भाऊसाहेब बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केले. विलीनीकरण नको म्हणणाऱ्यांतही भाऊसाहेब हवेत म्हणणारे होते, असाच याचा अर्थ. प्रश्न वेगळा, उत्तर वेगळे. याला म्हणतात विचारून दिलेले मत.

चार वर्षांनी, १९७१मध्ये, याच मतदारसंघाने काकोडकरांना निवडले. गोव्याचे वेगळेपण राहावे म्हणून दिल्लीत खटपट करणाऱ्यांत ते होते. जानेवारी १९८०मध्ये विधानसभेत मगो कोसळला, ३०पैकी ७ जागांवर आला. त्याच महिन्यात लोकसभेला मात्र पणजीतून मगोच्या संयोगिता राणे निवडून आल्या. १९८७च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी कामकाजात वापराची तरतूद मिळाली, आणि ते पुरेसे नाही अशी खंत आपल्या घराघरांत होती. दोन वर्षांनी आपण गोपाळराव मयेकरांना, एका मराठीच्या प्राध्यापकाला, दिल्लीला पाठवले. जमीन, भाषा, राज्य. दर वेळी एक प्रश्न होता, आणि मत त्या प्रश्नाला होते.

इथे घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगितल्याशिवाय जमाखर्च खरा होणार नाही.

आमचे आजोबा लहानसे भाटकार. चार कुळे, एक कुळागर, देवळात मान. १९६३ साली त्यांनी सिंहाला मत दिले. कारण मराठी. घरात पोथी मराठी, कीर्तन मराठी, देवस्थानचा हिशेब मराठी. त्याच दिवशी आमच्या शेतात राबणाऱ्या कुळानेही सिंहालाच मत दिले. आजोबांना वाटले, आपण सांगितले म्हणून दिले. तसे नव्हते. त्याला कसत असलेली जमीन हवी होती, आणि मुलासाठी गावात शाळा हवी होती. खूण एक, शाई एक, पण दोघांनी मागितले वेगवेगळे.

भाऊसाहेबांनी गावोगावी मराठी शाळा काढल्या, १९६४चा कूळ कायदा आणला. त्यांच्या मागून शशिकलाताई काकोडकरांच्या काळात १९७५चा मुंडकार कायदा आणि १९७६ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती आली. कसणाऱ्याची जमीन झाली. आमच्या आजोबांनी त्या दिवसापासून सिंहाचे नाव घरात काढू दिले नाही. कुळाच्या घरात मात्र भाऊसाहेबांचा फोटो देवांच्या तसबिरींशेजारी लागला, आणि तो आजही आहे. आम्ही तो पाहिला आहे. चवथीला अजून जाणे-येणे आहे.

हे कशासाठी सांगतो? आपण जुनी घराणी मेळाव्यांत म्हणतो की या भागात मराठी आपण राखली, मत आपण राखले. पोथ्या आपण राखल्या, हे खरे. पण मराठीचे मत ज्यांनी रांगेत उभे राहून राखले ते बहुतेक आपल्या अंगणात बसणारे लोक होते, माजघरात बसणारे नव्हेत. त्यांना काय पाहिजे होते ते ठाऊक होते. आपल्याला मान पाहिजे होता. मागणी असलेला माणूस दर पाच वर्षांनी हिशेब विचारतो. मान मागणारा हिशेब विचारत नाही, त्याला खुर्ची दिली की पुरते. आमच्या मते सवयीच्या मताची सुरुवात इथे झाली आहे. ती आपल्याच ओसरीवर झाली आहे.

आता कुणी म्हणेल, लोक आता विचारतच नाहीत. तेही खरे नाही. विधानसभेचे पान उघडा. २०१२, २०१७ आणि २०२२, तीन निवडणुका. पेडण्यात राजेंद्र आर्लेकर, मग बाबू आजगावकर, मग प्रवीण आर्लेकर. मांद्र्यात लक्ष्मीकांत पार्सेकर, मग दयानंद सोपटे, मग जीत आरोलकर. डिचोलीत नरेश सावळ, मग राजेश पाटणेकर, मग डॉ. चंद्रकांत शेट्ये, त्यांत सावळ आणि शेट्ये तर अपक्ष. मयेत अनंत शेट, प्रवीण झांट्ये, प्रेमेंद्र शेट. दोन तालुक्यांतल्या पाच मतदारसंघांपैकी चारांत तिन्ही वेळा माणूस बदलला. फक्त साखळीत डॉ. प्रमोद सावंत तिन्ही वेळा आले. तेही २०२२ साली, मुख्यमंत्री असताना, अवघ्या ६६६ मतांनी. २०१७ साली मांद्र्याने मुख्यमंत्रिपदावर असलेल्या पार्सेकरांना सात हजारांहून जास्त मतांनी घरी बसवले. प्राथमिक शाळेच्या माध्यमाचा वाद त्या वेळी पेटलेला होता, हे आपल्याला आठवत असेलच. म्हणजे हा मतदार झोपलेला नाही. रस्ता, नळ, नोकरी, शाळा, सगळे विचारतो.

मग लोकसभेला तोच मतदार गप्प का? आमचे उत्तर असे. आपल्याला वाटते की दिल्ली लांब आहे. तिथे आपले काय? पंतप्रधान कोण व्हावा एवढेच ठरवायचे, बाकी खासदाराला काय विचारायचे?

आता आपल्या दोन तालुक्यांचे गेल्या पंधरा वर्षांतले प्रश्न मोजा. खाण. २०१२च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. पुढे फेब्रुवारी २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजेस रद्द केली. डिचोली भागात ट्रकांचे हप्ते कसे थकले, बायकांचे दागिने तारणात कसे आले, ते आम्ही खिडकीच्या आतून पाहिले आहे. नावे सांगता येत नाहीत, सांगूही नयेत. खाणीचा कायदा कुणाचा? केंद्राचा. म्हादई. लवादाचा निवाडा ऑगस्ट २०१८चा, आणि कर्नाटकाच्या कळसा-भंडुरा प्रकल्प अहवालाला केंद्रीय जल आयोगाची मान्यता डिसेंबर २०२२ची. ही सगळी दारे दिल्लीची. मोपाचा विमानतळ. ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झाले. त्याच्या परवानग्याही दिल्लीच्या. विमान उतरू लागले आणि पेडण्याच्या वरकस जमिनीलाही भाव आला. आमच्या खिडकीवर आता जमीनविक्रीचे धनादेश येतात. गंमत अशी की भाटकाराचा नातूही येतो आणि कुळाचा नातूही येतो. १९७६ साली ज्या जमिनीवरून दोन घरे बोलेनाशी झाली, ती जमीन दोन्ही नातवांनी मिळून तिसऱ्यालाच दिली.

म्हणजे काय झाले? प्रश्न दिल्लीला गेले, आणि आपली विचारपूस गावातच राहिली. पंचायतीच्या पंचाला आपण गटाराचा हिशेब विचारतो. खासदाराला म्हादईचा विचारत नाही.

आणखी एक नोंद, जरा कडू आहे. २०१७ साली पेडणे तालुक्यातल्या दोन्ही जागा भाजपाच्या विरोधात गेल्या. पेडण्यात मगो, मांद्र्यात काँग्रेस. २०१८च्या ऑक्टोबरात मांद्र्याचे आमदार भाजपात गेले, २०१९च्या मार्चमध्ये पेडण्याचे. पोटनिवडणुकीत मांद्र्याने सोपट्यांना पुन्हा निवडून दिले, तो लोकांचा अधिकार. २०२२ साली मांद्र्यात सिंह जिंकला, डिचोलीत अपक्ष जिंकला. निकाल लागताच दोघेही सरकारच्या बाजूला गेले. हे बरे की वाईट, हा वाद आम्ही घालत नाही. बँकेत एका खात्यात भरलेले पैसे ग्राहकाला न विचारता दुसऱ्या खात्यात गेले, तर ग्राहक दुसऱ्या दिवशी दहा वाजता खिडकीवर असतो. मताच्या बाबतीत आपण पाच वर्षे थांबतो, आणि मग ‘सगळे सारखेच’ म्हणून सोडून देतो.

७ मे २०२४ रोजी लोकसभेच्या मतदानाला आमची ड्यूटी होती. मतदाराच्या बोटाला शाई लावायचे काम. दुपारी एक म्हातारी नातीचा हात धरून आली. नव्वदीच्या आसपासची. शाई लावून घेतली, यंत्राजवळ गेली आणि तिथूनच मोठ्याने विचारले, “सिंह खंय रे बाबा?” खोलीत सगळे गप्प. युतीमुळे मगोचा उमेदवार नव्हता, सिंह यंत्रावर नव्हता. आम्हांला काही सांगायची मुभा नव्हती. केंद्राध्यक्षांनी नियमाप्रमाणे एवढेच सांगितले की जी खूण पाहिजे तिच्यासमोरचे बटण दाबा. थोड्या वेळाने यंत्र वाजले. बाहेर येताना ती आमच्याकडे बघून म्हणाली, “आमी दिलें. कोणाक तें देवाक खबर.”

लोक हसले. आम्हांला हसू आले नाही. त्या बाईने १९६३ साली शाळेसाठी, जमिनीसाठी मत दिले असेल. साठ वर्षांनी तिला खूण आठवत होती. तिची निदान खूण हरवली होती. आपण शिकलेसवरलेले लोक खूण बरोबर दाबतो. प्रश्न मात्र हरवून बसलो आहोत.

शेवटची नोंद आमच्याच घरची. २०२५च्या नोव्हेंबरात मतदारयादीची विशेष फेरतपासणी सुरू झाली आणि बीएलओ फॉर्म घेऊन दारात आला. आमच्या घराच्या यादीत नऊ नावे. त्यांतले दोघे पुण्याला. घरे तिथे, रेशनकार्ड तिथे, मुले तिथल्या शाळेत. वडील म्हणाले, “नावे राहू दे. घराचा आकडा कमी दिसता नये.” दोन दिवस घरात बोलणे बंद होते. जिथे माणूस राहतो तिथेच त्याचे नाव असावे, हा नियम. आम्ही दोन्ही नावे सोडली. यादीत सात राहिली. वडील अजून कधी कधी टोचून बोलतात. पण नऊ नावे ठेवून सात मते देणे म्हणजे मानाचा आकडा फुगवणे. आपली घराणी गावातून कमी होत आहेत, हे यादीने खोटे दाखवून चालणार नाही. सातच्या सात जणांनी विचारून मत दिले तर ती नऊपेक्षा जास्त भरतील.

म्हणून मंडळापुढे एक साधी सूचना ठेवतो. पुढच्या लोकसभा निवडणुकीला, उमेदवार जाहीर झाले की आठ दिवसांच्या आत, मंडळाने सर्व उमेदवारांना, एकालाही न वगळता, एकच पत्र पाठवावे. त्यात चार प्रश्न. म्हादईच्या पाण्यावर संसदेत आपण काय मांडणार? खाणकामाच्या केंद्रीय कायद्यात गावच्या माणसासाठी काय मागणार? मोपाभोवतीच्या जमिनीबाबत आणि तिथल्या नोकऱ्यांबाबत केंद्राकडून काय मिळवणार? आणि ज्या पक्षाच्या चिन्हावर निवडून याल तो पाच वर्षांत सोडलात, तर राजीनामा देऊन पुन्हा आमच्यापुढे येणार का? उत्तरे येतील ती या पत्रिकेत जशीच्या तशी छापावी. उत्तर आले नाही, तर त्या उमेदवाराच्या नावासमोर कोरी जागा सोडावी. आणि हे पत्र लिहायला बसाल तेव्हा आपल्या वाड्यावरच्या इतर समाजांच्या मंडळींना बोलवावे. त्यांना विचारायची सवय आपल्यापेक्षा जुनी आहे.

उत्तरे वाचून पुन्हा त्याच माणसाला सातव्या वेळी द्यावेसे वाटले तर खुशाल द्या. नव्याला द्यावेसे वाटले तर त्याला द्या. कुणाला, ते सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही. शाई लावणाऱ्याने तेवढेच करावे. पण मत कशासाठी दिले, हे नातवाने विचारले तर सांगता आले पाहिजे. आमच्या आजोबांना सांगता येत होते, त्यांच्या कुळालाही सांगता येत होते. दोघांची उत्तरे वेगळी होती, पण उत्तर होते.

 काही आकडा चुकला असेल तर सांगावा, पुढच्या अंकात दुरुस्त करू.

जय हिंद. जय गोमंतक.